_डिले_एमएस हे फंक्शन आहे का मॅक्रो का कंपायलरचंच काहीतरी? (बिल्ट-इन विरुद्ध लायब्ररी, डोकं फिरलंय)

ब्रेडबोर्ड_बंड्या (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट अगदी साधा, एलएम३५ ने तापमान मोजायचं, १६x२ एलसीडीवर दाखवायचं आणि रीडिंग ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) साठवायचं. कॉलेजात सगळं ८०५१ चिप आणि तिच्या कील कंपायलरवर झालं पण मी तापकीर गल्लीतून (पुण्याचं इलेक्ट्रॉनिक्स मार्केट) एटीमेगा३२८पी ची सुटी चिप आणली आणि एव्हीआर-जीसीसीवर (या चिपचा कंपायलर) लिहायला घेतलं, तिथून पनवती सुरू.

एक सेकंदाचा डिले टाकलाय तर एलईडी बदलायला १६ सेकंद लागतात, मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बघितलं. १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावलाय, मेकफाइलमध्ये एफ_सीपीयू पण १६०००००० च आहे. मग म्हटलं डिलेला व्हेरिएबल देऊन कमीजास्त करून बघू तर कंपायलर म्हणतो कंपाइल टाइम इंटिजर कॉन्स्टंट पाहिजे, अरे पण फंक्शन आहे ना ते, फंक्शनला व्हेरिएबल का चालू नये? आणि स्प्रिंटएफमध्ये %.१एफ टाकलं की एलसीडीवर नुसतं प्रश्नचिन्ह येतं, तापमानाच्या जागी "?". सरांना विचारलं तर म्हणाले बिल्ट-इन आणि लायब्ररी फंक्शनमधला फरक वाचून ये, व्हायव्हाला विचारणार आहे. वाचलं, पण सगळीकडे "बिल्ट-इन म्हणजे आधीच बनवलेलं" एवढंच लिहिलंय. मग लायब्ररीतलं काय मी बनवलंय का?

चाकणची_चिप

तुझ्या तीनपैकी दोन प्रॉब्लेमचं मूळ एकच आहे, सांगते. कोडमध्ये नाव आणि कंस दिसला की आपण फंक्शन म्हणतो पण ते नाव कुठून येतं याच्या जागा वेगवेगळ्या असतात. काही नावं कंपायलरला स्वतःला ठाऊक असतात, हेडर नको न् काही नको, तो थेट मशीन इन्स्ट्रक्शन टाकतो, ते खरं बिल्ट-इन. काही हेडरमध्ये मॅक्रो किंवा इनलाइन म्हणून लिहिलेली असतात, तुझ्या फाइलबरोबरच कंपाइल होतात. आणि काही आधीच कंपाइल होऊन .ए फाइलमध्ये बसलेली असतात, ती लिंकर शेवटी आणून चिकटवतो, ती लायब्ररी. सर विचारतायत ते बहुतेक एवढंच.

आता _डिले_एमएस बघ. एव्हीआर-लिबसीमध्ये (एव्हीआर-जीसीसीबरोबरची सी लायब्ररी) यूटिल/डिले.एच उघड, ते इनलाइन फंक्शन आहे. आत काय चालतं तर तू दिलेले मिलिसेकंद गुणिले एफ_सीपीयू भागिले हजार, तेही डबलमध्ये! हे गणित चिपवर करायची वेळ आली तर गणितातच तुझा डिले संपेल, म्हणून ते कंपाइल होतानाच उरकायचं आणि आलेला आकडा __बिल्टइन_एव्हीआर_डिले_सायकल्स ला द्यायचा, जे खरंखुरं बिल्ट-इन आहे आणि तेवढ्या सायकलचं लूप जागेवर छापतं. म्हणून कॉन्स्टंट पाहिजे. आणि म्हणूनच -ओ० ला कंपाइल केलंस तर हेडर वॉर्निंग देतं की ऑप्टिमायझेशन बंद आहे, ही फंक्शन्स नीट चालणार नाहीत. ती वॉर्निंग लोक बघतच नाहीत.

व्हेरिएबल हवंच असेल तर स्वतःचं छोटं फंक्शन लिही, व्हाइल(एमएस--) आणि आत _डिले_एमएस(१). लूपचा थोडा ओव्हरहेड येईल, एलईडीला काही फरक पडत नाही.

१६ पट हळू का तर फ्यूज, म्हणजे चिपमधली कायमची सेटिंग, प्रोग्रॅमरने बदलता येते. दुकानातून आलेली कोरी ३२८पी आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या आरसी ऑसिलेटरवर असते आणि वर सीकेडिव्ह८ (क्लॉक आठाने भागणारा) फ्यूज लावलेला असतो, म्हणजे चालते १ मेगाहर्ट्झवर. तुझा क्रिस्टल नुसता शोभेला बसलाय. एफ_सीपीयू ही कंपायलरला दिलेली माहिती आहे, त्याने चिपचा क्लॉक बदलत नाही. लो फ्यूज ०x६२ असेल बघ, क्रिस्टलसाठी ०xएफएफ कर. पण लिहिण्याआधी क्रिस्टल आणि दोन्ही २२ पीएफ कपॅसिटर नीट बसलेत ना ते बघ, नाहीतर क्लॉकच मिळणार नाही आणि प्रोग्रॅमर पण चिपशी बोलणार नाही.

ब्रेडबोर्ड_बंड्या

ताई जबरदस्त!! फ्यूज वाचला, खरंच ०x६२ निघाला. संध्याकाळी लॅबमध्ये प्रोग्रॅमर परत मिळाला की बदलतो. मग ८०५१ मध्ये असं काही नव्हतं का? तिथे तर डिले आम्ही स्वतः लिहायचो, दोन फॉर लूप.

आठबिटी_आजोबा

तिथेही सगळं होतं बाळा, शिकवत नाहीत एवढंच. कीलच्या सी५१ मध्ये डिलेचं फंक्शन नाही ही गोष्ट खरी, म्हणून ती दोन फॉर लूपं पिढ्यानपिढ्या झेरॉक्स होत आली. आतल्या लूपमध्ये १२७५ लिहायचं, का ते कोणाला माहीत नाही. एटी८९एस५२ ला एका मशीन सायकलला १२ क्लॉक लागतात, काही नव्या ८०५१ ला एकच लागतो, म्हणजे एकाच चिपवर मोजून काढलेला आकडा दुसरीवर चक्क बारा पटीने चुकू शकतो. आणि ऑप्टिमायझेशनची लेव्हल बदलली की परत वेगळा. लूपने मोजलेला वेळ हा अंदाज असतो, अचूक पाहिजे असेल तर टायमर लावायचा.

कीलमध्ये बिल्ट-इन बघायचे तर इंट्रिन्स.एच. _नॉप_ लिहिलं की तिथे एक एनओपी (काहीच न करणारी इन्स्ट्रक्शन) पडतो, कॉल नाही रिटर्न नाही. १२ मेगाहर्ट्झला बरोब्बर एक मायक्रोसेकंद. _क्रोल_ आणि _क्रोर_ बाइट फिरवायला. सगळ्यात सुंदर _टेस्टबिट_, हे सरळ जेबीसी इन्स्ट्रक्शन होतं, बिट बघणं आणि पुसणं एकाच दमात, मध्ये इंटरप्ट घुसू शकत नाही. हे साध्या सीमध्ये इफ लिहून मिळेलच याची खात्री नाही, म्हणून तर कंपायलरवाल्यांनी वेगळं दिलं. बिल्ट-इन कशाला असतात याचं व्हायव्हाला द्यायला याहून चांगलं उदाहरण नाही.

आणि प्रिंटएफ. ही लायब्ररी, ती शेवटी पुटचार ला बोलावते आणि कीलचा पुटचार टीआय हा बिट (आधीचं अक्षर गेलं हे सांगणारा) १ व्हायची वाट बघत बसतो, मग तो पुसतो, मग एसबफमध्ये (सिरीयल पोर्टचं रजिस्टर) अक्षर टाकतो. म्हणजे सिरीयल पोर्ट सेट करताना तुम्ही स्वतः टीआय = १ केलं नाही तर पहिल्याच अक्षराला प्रोग्रॅम गोठतो. पोरं केबल बदलतात, मॅक्स२३२ बदलतात, ११.०५९२ चा क्रिस्टल बदलतात, टीएच१ मध्ये ०xएफडी आहे का परत परत बघतात, आणि चूक या एका बिटाची असते. पुटचारचा सोर्स कील बरोबर देतं, तो बदलून एलसीडीवर वळवला की प्रिंटएफ थेट एलसीडीवर छापतं.

अजून एक. अनसाइन्ड चार %डी ने छापू नका, सी५१ बाइटला बाइट म्हणूनच पाठवतं, प्रिंटएफ दोन बाइट उचलतं आणि कचरा छापतं. %बीडी किंवा %बीयू लिहायचं. हे फक्त कीलमध्ये, दुसरीकडे चालणार नाही.

सोलापुरी_सोल्डर

काका टीआय वाल्यानं आमच्या बॅचची अख्खी एक टर्म खाल्ली होती बघा 😂

बंड्या, तुझ्या प्रश्नचिन्हाचं कोणी बोललंच नाही की. ते बग नाही बे, मुद्दाम केलंय. एव्हीआर-लिबसीमध्ये प्रिंटएफचे तीन अवतार आहेत, एकदम बारका, मधला आणि फ्लोटवाला. न सांगता लिंक होतो तो मधला, त्याला फ्लोट छापता येत नाही आणि जिथं फ्लोट पाहिजे तिथं तो "?" ठेवून पुढं जातो. फ्लोटवाला पाहिजे तर लिंकरला सांगायचं, -डब्ल्यूएल,-यू,व्हीएफप्रिंटएफ -एलप्रिंटएफ_एफएलटी -एलएम. कोडमध्ये एक अक्षर बदलत नाही, फक्त लिंकरची ओळ. लायब्ररी फंक्शन म्हणजे काय हे यातच कळतंय बघ, नाव तेच, माल वेगळा. फ्लॅश मात्र आणखी दीड-दोन केबी जाते, तुझ्याकडं ३२ केबी आहे, चालतंय.

पण मी म्हणतो फ्लोट पाहिजेच कशाला? एलएम३५ एका डिग्रीला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे १ मिलिव्होल्ट म्हणजे डिग्रीचा दहावा भाग. एडीसीचा (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) रेफरन्स आतला १.१ व्होल्टचा घे. मग टी = एडीसी * ११००यूएल / १०२४, झालं, टी मध्ये थेट दशांश डिग्री. एडीसी २३३ आला तर टी २५०, म्हणजे २५.०. छापताना %यू.%यू आणि टी/१०, टी%१०. ११० डिग्रीच्या वर जाणार नाहीस, सोलापुरात पण.

ते यूएल विसरू नको बरं का. एव्हीआरवर इंट १६ बिटाचा. २३३ गुणिले ११०० म्हणजे २५६३०० होतंय, ते १६ बिटात बसत नाही, वरचं कापून ५९६९२ उरतंय आणि १०२४ ने भागून ५८. मग तुझा एलसीडी मे महिन्यात ५.८ डिग्री दाखवतोय आणि तू एलएम३५ जळाला म्हणून दुसरा आणायला पळतोयस.

लूपवाला

एवढं रामायण कशासाठी? माझं मत, मायक्रोकंट्रोलरवर लायब्ररी वापरूच नये. स्वतःचं मेमसेट, स्वतःचं स्ट्रकॉपी, स्वतःचं इंट-टू-स्ट्रिंग, सगळं शंभर ओळीत होतं आणि काय चाललंय ते आपल्याला माहीत असतं. आजकाल पोरं प्रिंटएफ टाकतात, मॅलॉक (प्रोग्रॅम चालू असताना रॅम मागणं) टाकतात आणि मग २ केबी रॅम पुरत नाही म्हणून रडतात.

कॉर्टेक्स_कोथरूड

मॅलॉकबद्दल +१. बाकी मुद्द्यावर जोरदार असहमत.

स्वतःचं मेमसेट लिही तू, पॉइंटर घे, फॉर लूपने बाइट भर. जीसीसी ते लूप ओळखतं, म्हणतं अरे हे तर मेमसेट आहे, आणि लूपच्या जागी मेमसेटचा कॉल टाकतं. कुठे टाकतं? तुझ्याच मेमसेट नावाच्या फंक्शनच्या आत. ते स्वतःलाच बोलावत राहतं, प्रोग्रॅम अडकतो किंवा स्टॅक संपून हार्डफॉल्ट (चिप थांबते). -ओ३ ला हे पूर्वीपासून होऊ शकतं, नव्या जीसीसीत -ओ२ लाही. -एफनो-ट्री-लूप-डिस्ट्रिब्यूट-पॅटर्न्स टाकलं की थांबतं.

म्हणजे "मी लायब्ररी वापरत नाही" असं म्हटलं तरी कंपायलरला काही नावं आधीच माहीत असतात आणि तो त्यांचा अर्थ गृहीत धरतो. स्ट्रलेनला कोटातली स्ट्रिंग दिली तर कॉल होतच नाही, आकडाच बसतो. प्रिंटएफमध्ये नुसता मजकूर आणि शेवटी न्यूलाइन असेल तर तो पुट्स ला कॉल करतो, मग तू स्वतःचं प्रिंटएफ लिहून -नोस्टडलिब (तयार लायब्ररी जोडू नको) लावलं असशील तर लिंकर बोंबलतो की पुट्स सापडलं नाही, आणि तू सगळ्या फाइलींत पुट्स शोधत बसतोस जे तू कधी लिहिलेलंच नाही. -एफनो-बिल्टइन दिलं की ही हुशारी बंद होते, -एफफ्रीस्टँडिंग मध्ये ते आपोआप येतं. पण तरीही मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकम्प ही चार असलीच पाहिजेत असा जीसीसीचा हट्ट आहे, मोठं स्ट्रक्चर = ने कॉपी केलंस तरी तो मेमकॉपी मागू शकतो.

त्यामुळे बंड्याच्या सरांना एक उत्तर हेही आहे की एकच मेमकॉपी कधी बिल्ट-इन असतं कधी लायब्ररी, चार बाइट कॉपी करायचे असतील तर दोन इन्स्ट्रक्शनमध्ये उरकतो, लांबी माहीत नसेल तर लायब्ररीतलं बोलावतो. कंपायलर ठरवतो, आपण नाही.

लूपवाला

मेमसेटचं माहीत नव्हतं, बघतो. पण मॅलॉक-प्रिंटएफचं मी बोललो ते मागे घेत नाही. एसटीएम३२ वर न्यूलिबचं (तिथली सी लायब्ररी) प्रिंटएफ आतून बफरसाठी मॅलॉकच बोलावतं, आणि न्यूलाइन येईपर्यंत काही बाहेर सोडत नाही, मग "प्रिंटएफ चालत नाही" म्हणून धागे निघतात.

कॉर्टेक्स_कोथरूड

हे मात्र शंभर टक्के. सेटव्हीबफ ने बफरिंग बंद करायचं किंवा सरळ नॅनो.स्पेक्स (न्यूलिबचा छोटा अवतार) लावायचं. नॅनोमध्ये पण फ्लोट बाय डिफॉल्ट नाही, तिथे -यू _प्रिंटएफ_फ्लोट. सोलापूरवाल्यांनी सांगितली तीच गोष्ट, दुसऱ्या घरात.

पिक_पिंट्या

मी सीसीएस कंपायलरवाला, पीआयसी१६ आणि १८ चिपवर बरंच काम केलंय. आमच्याकडे चित्रच उलटं आहे, जवळजवळ सगळंच बिल्ट-इन. आउटपुट_हाय, इनपुट, रीड_एडीसी, डिले_एमएस, सगळं कंपायलरच्या पोटात, वर फक्त #यूज डिले मध्ये क्लॉक सांगायचा. डिले_एमएसला व्हेरिएबल पण चालतं. आउटपुट_हाय लिहिलं की तो ट्रिस (पिन इनपुट का आउटपुट ते ठरवणारं रजिस्टर) पण आपोआप आउटपुट करून देतो, दर वेळी जास्तीची इन्स्ट्रक्शन, ते नको असेल तर #यूज फास्ट_आयओ आणि ट्रिस स्वतः बघा. शिकायला सोपं, दोन दिवसात प्रोजेक्ट उभा. गोची एवढीच की तो कोड दुसऱ्या कंपायलरवर नेता येत नाही. आणि सीसीएसमध्ये इंट ८ बिटाचा असतो, तोही बाय डिफॉल्ट अनसाइन्ड! तिथून आलेला माणूस एव्हीआरवर गेला की गडबडतो आणि एव्हीआरवाला इकडे आला की २५५ नंतर शून्य बघून देव आठवतो.

मायक्रोसीमध्ये डिले_एमएसला कॉन्स्टंटच लागतो, व्हेरिएबलसाठी व्हीडिले_एमएस वेगळं दिलंय. एक्ससी८ मध्ये __डिले_एमएस मॅक्रो आहे, आधी _एक्सटीएएल_फ्रीक डिफाइन करायचं, आणि खाली _डिले हे बिल्ट-इन. नाव प्रत्येकाचं जवळजवळ तेच, म्हणून घोळ.

ब्रेडबोर्ड_बंड्या

अपडेट: फ्यूज बदलला, एक सेकंद आता एक सेकंद! 🙏 सोलापूरच्या दादांच्या फॉर्म्युल्याने तापमान पण येतंय, फ्लोट काढूनच टाकला. उत्साहात मॅप फाइल (लिंकरने काय काय जोडलं त्याची यादी) काढून बघितली तर त्यात __यूडिव्हमॉडएचआय४ असं काहीतरी आहे, मी तर असं फंक्शन कुठे बोलावलेलं नाही, हे कोण?

चाकणची_चिप

तू टी/१० लिहिलंस ना, तेच ते 😄 एव्हीआरला भागाकाराची इन्स्ट्रक्शनच नाही. गुणाकार आहे, तोही ८ बिट गुणिले ८ बिट, एटीटायनी८५ सारख्यांना तर तोही नाही. मग / चिन्ह दिसलं की कंपायलर लिबजीसीसी (जीसीसीची स्वतःची मदतनीस लायब्ररी) मधलं फंक्शन बोलावतो. ही चौथी जात, हिचं नाव तुझ्या कोडमध्ये कुठेच येत नाही. गंमत बघ, नावात डिव्ह आणि मॉड दोन्ही आहे, एकाच कॉलमध्ये भागाकार आणि बाकी दोन्ही मिळतात, म्हणून तुझं टी/१० आणि टी%१० शेजारीशेजारी असेल तर -ओएस ला एकाच कॉलमध्ये काम होतं. लिस्टिंग (तयार झालेल्या मशीन इन्स्ट्रक्शनची यादी) काढून बघ, एव्हीआर-ऑब्जडम्प -डी. आणि १०२४ ने भागलंस तिथे हे फंक्शन दिसणार नाही, दोनाची घात आहे आणि अनसाइन्ड आहे, तो शिफ्ट करून मोकळा होतो. १००० ने भागलं असतंस तर ३२ बिटाचा भागाकार आला असता, भलताच महाग.

कॉर्टेक्स-एम० ला पण भागाकार नाही, तिथे __एईएबीआय_यूआयडिव्ह दिसतं. एम३ पासून हार्डवेअरमध्ये आहे.

इथून पुढे कुठलंही फंक्शन "कसलं" आहे असा प्रश्न पडला की लिस्टिंगमध्ये बघ. कॉल इन्स्ट्रक्शन दिसत नसेल तर बिल्ट-इन किंवा इनलाइन, कॉल दिसला तर मॅप फाइलमध्ये ते नाव कुठल्या .ए मधून आलं ते लिहिलेलं असतं. एनएम --साइज-सॉर्ट केलं की कोण किती जागा खातंय तेही कळतं. व्हायव्हाला हे प्रिंट काढून घेऊन जा, सर खूश होतील.

आठबिटी_आजोबा

भागाकारावरून एक सांगायचं राहिलं. कीलमध्ये बरीच लायब्ररी फंक्शन (आणि तुमचीही) मुळात रीएन्ट्रंट नसतात, म्हणजे एक कॉल संपायच्या आत दुसरा चालत नाही, लोकल व्हेरिएबल स्टॅकवर न ठेवता ठरलेल्या रॅममध्ये एकमेकांवर चढवून बसवतं, कारण मूळ ८०५१ कडे रॅमच १२८ बाइट. म्हणून एकच फंक्शन मेनमधून आणि इंटरप्टमधूनही बोलावलं की लिंकर एल१५ वॉर्निंग देतो, मल्टिपल कॉल टू सेगमेंट. एररशून्य म्हणून पोरं पुढे जातात. इंटरप्टमध्ये फ्लॅग लावा, बाकी काम मेनमध्ये. प्रिंटएफ तर नाहीच.

पिक_पिंट्या

आणि इंटरप्टमध्ये डिले पण नाही!! आर्डुइनोवाल्यांचं डिले टायमर० च्या इंटरप्टवरच मोजतं, आयएसआरच्या (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) आत इंटरप्ट बंद असतात, मग तो मोजणार कसा, अडकून बसतो.

सोलापुरी_सोल्डर

बंड्या ईईप्रॉममध्ये किती वेळानं लिहितोयस?

ब्रेडबोर्ड_बंड्या

दर सेकंदाला, ईईप्रॉम_राइट_बाइट, एकाच पत्त्यावर शेवटचं रीडिंग. का?

सोलापुरी_सोल्डर

काय की बाबा, डेटाशीटमध्ये एका जागेला १ लाख वेळाच लिहायची हमी आहे. दर सेकंदाला एक म्हणजे अठ्ठावीस तासात लाख भरतंय. सबमिशनच्या आधी दोन दिवस चालू ठेवशील आणि परीक्षकासमोर कचरा येऊ शकतो.

राइट ऐवजी ईईप्रॉम_अपडेट_बाइट वापर, ते आधी वाचून बघतं, तीच किंमत असेल तर लिहीत नाही. तापमान काय दर सेकंदाला बदलत नाही. पण शेवटचा अंक २५.० आणि २५.१ मध्ये नाचत राहिला तर अपडेट पण तुला वाचवणार नाही, म्हणून पाच मिनिटांनी लिही आणि १ केबी आहे तर जागा फिरवत जा. आणि लिहायला बाइटमागं ३.४ मिलिसेकंद लागतात, ते फंक्शन आधीचं लिहिणं संपेपर्यंत थांबतं, हे टायमिंगमध्ये धर.

ब्रेडबोर्ड_बंड्या

बाप रे. बदलतो लगेच. शेवटचा प्रश्न, वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर) लावायचा विचार आहे, डब्ल्यूडीटी_एनेबल हे यातलं काय, बिल्ट-इन का लायब्ररी? आणि लावू का?

चाकणची_चिप

एव्हीआर/डब्ल्यूडीटी.एच मध्ये इनलाइन आहे, आत असेंब्ली, कारण रजिस्टर अनलॉक केल्यावर चार सायकलच्या आत किंमत लिहावी लागते, साध्या सीवर त्याचा भरवसा नाही. डब्ल्यूडीटी_रीसेट तर एकच इन्स्ट्रक्शन, डब्ल्यूडीआर.

लाव, पण ३२८पी वर वॉचडॉगने रीसेट झाल्यावर वॉचडॉग चालूच राहतो आणि तोही सगळ्यात कमी वेळेवर, १५-१६ मिलिसेकंद. तुझं एलसीडी इनिशियलायझेशनच त्याहून जास्त वेळ घेतं, म्हणजे चिप रीसेट होतच राहील. मेन सुरू झाल्या झाल्या एमसीयूएसआर (रीसेट कशाने झाला ते सांगणारं रजिस्टर) शून्य कर, मग डब्ल्यूडीटी_डिसेबल, मग एलसीडी, आणि सगळं उभं राहिलं की परत एनेबल कर दोन सेकंदांवर. अडलं तर लिस्टिंगचा तेवढाच तुकडा इथे चिकटव, अख्खा प्रोजेक्ट नको.